किल्लीच्या वाट्याचा मासा

सकाळी साडेदहाला वहीदाच्या फोनवर एक पाव, तीन कांदे आणि एक गोळी येऊन पडली.

"बघू बघू," म्हणत मुफीदा काउंटरवरून वाकली. स्फाक्स या बंदराच्या शहरातल्या एका दाताच्या दवाखान्यात दोघी कामाला होत्या. वहीदा पेशंटांच्या वेळा लिहायची, मुफीदा डॉक्टरांच्या हाताखाली असायची. "आईचं पत्र आलं वाटतं? काय म्हणतात हाज्जा?"

"पाव आण, तीन किलो कांदे आण, ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्यात."

"आणि 'माझी लाडाची लेक, रोज्याने दमलीस का गं,' ते कुठेय?"

"ते फ्रान्सला गेलं," वहीदा म्हणाली आणि फोन उलटा ठेवला.

हाज्जा म्हणजे वहीदाची आई खदूजा. वहीदा तिला उम्मी म्हणायची. वय एकाहत्तर, आणि शाळेची पायरी जन्मात चढलेली नाही. अक्षरं म्हणजे तिच्या लेखी मुंग्यांची रांग. कानही आता जेमतेम साथ देत होते, त्यामुळे फोनवर बोलणं म्हणजे दोन्हीकडून नुसता आरडाओरडा. आवाज भरून पाठवायची सोय वहीदाने एकदा दाखवली, तर बाईसाहेबांनी मांजराला घातलेल्या सात मिनिटांच्या शिव्या अख्ख्या गोतावळ्याला पाठवल्या. मग तीन वर्षांपूर्वी धाकटी बहीण शिराझ नवऱ्याबरोबर फ्रान्सला, लियाँला गेली, तेव्हा वहीदाने उम्मीला चित्रं शिकवली. रोज दुपारी शेजारी बसवून, बोट धरून. हा पाव. ही गोळी. हा हसतोय, हा रडतोय.

"आणि हा मेला हसता हसता का रडतोय?" उम्मीने विचारलं होतं.

"त्याला फार हसू आलंय म्हणून."

"छे! त्याला घरचं कोणीतरी आठवलंय." आणि तेव्हापासून शिराझची आठवण आली की उम्मी तोच पाठवायची.

माणसांनाही तिने एकेक चित्र वाटून टाकलं. वारलेला नवरा मासळीबाजारात बसायचा, तो झाला होडी. बहीण रशीदा तोंड मिटत नसे, ती कोंबडी. शिराझ गुलाब. "आणि मी?" वहीदाने विचारलं. उम्मीचं बोट बराच वेळ इकडून तिकडे फिरलं आणि किल्लीवर जाऊन टेकलं. "घराचं दार तूच उघडतेस ना!" तेव्हा वहीदाने ते हसण्यावारी नेलं.

हसण्यावारी नेलेल्या गोष्टी काही कुठे जात नाहीत, हे तिला त्या रमजानमध्ये कळलं. विसावा रोजा होता. दुपारी घरी आली तर उम्मी फोन घेऊन वैतागून बसलेली. "हा काहीतरी मुंग्या दाखवतोय. चित्रं जातच नाहीत."

वहीदाने वाचलं. "जागा संपलीय. पोट भरलंय त्याचं."

"सगळं जग उपाशी आणि ह्याचंच बरं पोट भरलं," उम्मी म्हणाली आणि आडवी व्हायला आत गेली.

फोन रिकामा करायला वहीदा अंगणात बसली. शिराझने पाठवलेले व्हिडिओ ढिगाने होते, ते पुसायचे म्हणून तिने उम्मीचं आणि शिराझचं पान उघडलं. आणि तिचा हात तिथेच थांबला.

गुलाब. गुलाब. लाल बदाम. सूर्य. बदाम, बदाम, बदाम. हसता हसता रडणारा. गुलाब आणि शेजारी बाळ. आणि मासे! मासे आणि पाच बोटांचे पंजे, इतके, की बाजारात टोपली उपडी केल्यावर पडावेत.

आता स्फाक्समध्ये माशाची किंमत काय आहे ती सगळ्यांना ठाऊक आहे. कोणाचं कौतुक केलं की मागोमाग 'मासा त्याच्यावर' म्हणायचं, नाहीतर पाच बोटं पसरून दाखवायची, म्हणजे दृष्ट लागत नाही. बाळ असो, नवा सोफा असो, दहावीचे मार्क असोत. फोन आल्यापासून तर काम आणखी सोपं झालंय: एक मासा, एक पंजा, झालं. जो आपल्याला मासा टाकतो त्याला आपलं चांगलं टिकावंसं वाटतं, एवढा साधा त्याचा अर्थ.

वहीदाने आपला फोन काढला आणि आपलं पान उघडलं. पाव. कांदे. गोळी. पाव, पाव. बल्ब, म्हणजे वीज गेलीय. नळ. दात, म्हणजे डॉक्टरांना विचार माझी कवळी कधी होणार. तिने तीन वर्षं मागे जाऊन पाहिलं. एक बदाम नव्हता. एक मासा नव्हता.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं कशाला बोला, बाईचं वय बेचाळीस आणि डोळ्यांत पाणी आलं ते चित्रातल्या माशांसाठी. कोणी शिकवली ही चित्रं? वहीदाने. फोन कोणी आणून दिला? वहीदाने. वडील दोन वर्षं अंथरुणावर होते, तेव्हा त्यांना उचलून बसवायला कोण होतं? साखरपुडा ठरत आला होता तेव्हा 'आई-वडिलांना सोडून येणार नाही' म्हणून सांगून बसलं कोण? आणि बदाम कोणाला, तर वर्षातून पंधरा दिवस येऊन, चॉकलेटचा डबा ठेवून, गळ्यात पडून रडून जाणाऱ्या गुलाबाला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यातून उम्मीला मुद्दाम एक लाल बदाम पाठवला. नुसताच. पाच मिनिटांनी उत्तर आलं: कांदा.

मुफीदा पोट धरधरून हसली. "अगं, निदान त्यांनी कांदा हृदयातून दिलाय!"

मग वहीदाने ईदसाठी शिवलेला निळा झगा घालून आरशातला फोटो काढला आणि तो पाठवला. उत्तर आलं: अंगठा. खाली पाव.

त्याच संध्याकाळी, रोजा सुटायच्या जरा आधी, घरच्या ग्रुपवर शिराझने बाळाचा फोटो टाकला. सहा महिन्यांचा इलियास, डोक्यावर आजोबांसारखी लाल टोपी, तोंडात मूठ. ग्रुपवर नुसती झुंबड उडाली. रशीदा मावशीने चार मासे टाकले, मामेभावांनी पंजे. वहीदाने डोळ्यांत बदाम असलेला चेहरा टाकला. "किती गोड!" असं लिहिलं. तिचं बोट माशापाशी गेलं आणि तिथून परत फिरलं. मासा टाकायला काही कष्ट पडत नव्हते. पण टाकावासा वाटला नाही, आणि तसं तर गेल्या वर्षापासूनच वाटत नव्हता. लग्नाच्या वाढदिवसाचा फोटो, नव्या घराची बाल्कनी, डोहाळजेवण, बारसं. प्रत्येक वेळी वहीदाचे बदाम अगदी वेळेवर गेले होते आणि मासा राहून गेला होता. भाच्याचं वाईट व्हावं असं तिला वाटत होतं का? छे, छे! फक्त त्याला सगळंच मिळत होतं, त्यात आपल्याकडचा आणखी एक मासा कशाला, एवढंच.

दोन दिवसांनी बाळाला ताप आला. लहान मुलांना येतात तसा, दात येताना. पण उम्मीने दिवसभर वहीदाशी नीट डोळा भिडवला नाही. सूपाची वाटी पुढे ठेवली तीही दुसरीकडे बघत.

वहीदाच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी दुपारी उम्मी झोपल्यावर तिने परत तो फोन उचलला. मागच्या वेळी मत्सराने डोळे इतके भरले होते की मासे तेवढे दिसले, माशांच्या आधी काय आहे ते दिसलंच नव्हतं. आता तिने सावकाश वाचलं.

किल्ली. डोळा. मासा. पंजा.

तिने वेळ पाहिली. ग्रुपवर वहीदाचा बदाम गेला होता सहा वाजून दहा मिनिटांनी. उम्मीकडून शिराझला हे गेलं होतं सहा वाजून अकरा मिनिटांनी. मागे गेली. बारसं: वहीदाचा बदाम, आणि मिनिटभरात किल्ली, डोळा, मासा, पंजा. बाल्कनी: किल्ली, डोळा, मासा, मासा, पंजा. रशीदा मावशीच्या कौतुकानंतर असलं काही नव्हतं. मामेभावांनंतर नव्हतं. फक्त किल्लीने बघितलं की मासे सुटत होते.

आणि प्रत्येक वेळी खाली शिराझचं उत्तर: जोडलेले हात. एकदा जोडलेले हात आणि शेजारी हसरा चेहरा.

म्हणजे दोघींना ठाऊक होतं. वर्षभर. ईदला गळ्यात पडून 'माझी ताई' म्हणताना शिराझला ठाऊक होतं. वहीदाचे कान तापले. तिला राग आला, त्याहून जास्त लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. ती तशीच आत गेली आणि उम्मीला हलवून उठवलं.

"शिराझला माझ्याबद्दल काय लिहितेस तू?"

"काय?" उम्मी उठून बसली, कानामागे हात धरून.

"शिराझला काय लिहितेस?"

"काय म्हणतेस? शिराझला काय झालं? बाळ बरं आहे ना?"

"किल्ली!" वहीदा ओरडली. "डोळा! मासा! पंजा!" पलीकडच्या घरातली खिडकी हळूच उघडल्याचा आवाज आला. उघडू दे, म्हणाली ती मनात.

उम्मीला कळलं. ती गडबडली नाही की ओशाळली नाही. उशाशी ठेवलेला चष्मा तिने डोळ्यांवर चढवला. "मग? तू टाकत नाहीस, म्हणून मला टाकावा लागतो."

"विसरते मी!"

"विसरत नाहीस. रशीदाला टाकतेस. त्या तुझ्या मुफीदाच्या भाचीचा फोटो मला दाखवलास, तिलाही टाकला होतास. शिराझलाच तेवढा टाकत नाहीस. मला वाचता येत नाही पोरी, मोजता येतं."

"म्हणजे मी माझ्या भाच्याचं वाईट चिंतते?"

"नाही गं बाई. तू कशाला चिंतशील." उम्मीचा आवाज मऊ झाला, तरी मोठाच होता. "पण उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघणारच. त्यात त्याचा दोष नाही. ताटावर झाकण घालावं, झालं."

झाकण! वर्षभर वहीदा बदाम पाठवत होती आणि वर्षभर त्यांच्यावर झाकण पडत होतं. आणि खरं सांगायचं तर म्हातारीचं काही चुकलं नव्हतं, तेच तर जास्त झोंबलं. मग तिच्या तोंडून ते बाहेर पडलं, जे चार दिवस मनात साचलं होतं. "आणि मला? तीन वर्षांत मला एक मासा टाकला नाहीस, उम्मी! एक!"

उम्मीने तिच्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता, राग नव्हता. खरोखरच नवल वाटलं होतं तिला.

"तुला? तुला गं कोण दृष्ट लावणार?"

आज गुरुवार आहे म्हणून सांगावं तसं सांगितलं तिने. दुखवायला म्हटलं असतं तर वहीदा भांडली तरी असती. ती वळली आणि स्वयंपाकघरात गेली.

पुढचे पाच दिवस घरात बोलणं कामापुरतं. ईद जवळ आली होती, आणि ईदच्या सकाळी स्फाक्सच्या घरात खारवलेला मासा आणि शरमूला नसला तर ती ईद कसली! शरमूला म्हणजे कांदे, कांदे आणि कांदे. बारीक चिरून, तेलावर मंद शिजवत ठेवायचे, मग वाटलेले काळे मनुके आणि मसाले घालून दोन दिवस आटवायचे, काळे होईपर्यंत. वहीदा कांदे चिरत बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते कशाचं आहे हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. शिराझ यंदा येणार नव्हती. तिची रजा बाळंतपणातच संपली होती. ईदच्या दिवशी तिला कामावर जायचं होतं आणि बाळाला पाळणाघरात ठेवायचं होतं. 'बरं झालं,' वहीदा मनात म्हणाली, आणि मग कांद्यालाच म्हणाली, "तू गप बस."

ईदच्या सकाळी दोघी अंगणातल्या टेबलाशी बसल्या. उम्मीने मासा पुढ्यात ओढला. तिची ही जुनी खोड. मासेवाल्याची बायको, तिच्याइतकं काट्यांना कोण ओळखणार? चाळीस वर्षांपूर्वी वहीदाच्या घशात काटा अडकला होता. तेव्हापासून उम्मी स्वतःच्या बोटांनी चाचपून, काटा नि काटा काढून, तिचा घास तयार करायची. लेक बेचाळीसची झाली तरी करायची. भांडण असलं तरी करायची. आजही तिने एक तुकडा उचलला, दोन बोटांत दाबून पाहिला, शरमूल्यात बुडवला आणि न बोलता वहीदाच्या तोंडासमोर धरला.

वहीदाने तोंड फिरवायचं ठरवलं होतं. फिरवलं नाही. पण घास घेण्याआधी डाव्या हाताने तिने फोटो काढला. उम्मीचा सुरकुतलेला हात, चांदीची बांगडी, काळ्या शरमूल्यातला पांढरा मासा, आणि कडेला वहीदाचं अर्धं उघडं तोंड. तो तिने ग्रुपवर टाकला. 'ईद मुबारक' लिहिलं. खोटं कशाला बोला, तिने तो शिराझसाठीच टाकला होता. बघ म्हणावं.

उम्मी हात धुवायला आत गेली. रशीदा मावशी लगेच हजर झाली: पंजा, मासा, मासा. मामेभाऊ: मासा. एका वहिनीने तर मासा, पंजा आणि निळा मणी असा सगळा बंदोबस्त पाठवला. त्या सगळ्यांची ती सवयच, त्यात विशेष काही नाही. वहीदा लियाँची वाट बघत होती.

लियाँहून आला तो डोळ्यांत बदाम असलेला चेहरा. मग तोच पुन्हा. मग शब्द: "उम्मीचा हात." मग बराच वेळ काही नाही. मग: "मी बसमध्ये आहे. डब्यात पाव आणि चीज." मग परत तोच चेहरा, एकटा.

वहीदा बघत राहिली. आता मासा येईल. शिराझ कधी विसरत नाही, पंजे-मासे टाकण्यात ती सगळ्यांच्या पुढे. एक मिनिट गेलं. शिराझच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला. मासा आला नाही.

आत स्वयंपाकघरात उम्मी ओट्याशी उभी होती. चष्मा चढवलेला, फोन हातभर लांब धरलेला, जीभ दातांत. बोट हळूहळू फिरत होतं आणि टेकत होतं.

वहीदाच्या हातातला फोन वाजला. तिने पाहिलं.

गुलाब. डोळा. मासा. पंजा.

मग फोन परत वाजला: मासा.

तिला बहिणीची कीव यायला हवी होती. बसमध्ये बसलेली, ईदच्या दिवशी डब्यात पाव-चीज, पाळणाघरात रडणारं लेकरू. कीव पुढे आली असेल, नसेल. आधी आला तो आनंद. असा आनंद, की तिने तोंडावर हात धरला. शिराझला तिचा हेवा वाटला होता! लियाँच्या शिराझला, बाल्कनीवाल्या शिराझला, गुलाबाला हेवा वाटला होता, आणि तो इतका सणकून, की मासा टाकायचं सुचलं नाही. किंवा सुचलं आणि टाकावासा वाटला नाही. तसं होतं, वहीदाला ठाऊक होतं. तिच्या ताटात काहीतरी होतं. म्हातारीने उठून त्याच्यावर झाकण घातलं होतं.

"मिळाला का?" आतून उम्मी ओरडली.

वहीदाने डोळे पुसले. आज कांद्याचं निमित्तही नव्हतं. "काय?" तिने ओरडून विचारलं.

"मासा!" उम्मी ओरडली. "बहिणीची दृष्ट लागेल तुला! मासा टाकलाय!"

पलीकडच्या घरातली खिडकी उघडली. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वाकून बघायला लागली.

वहीदा खुर्चीत नीट सरळ बसली आणि कानामागे हात धरला.

"काय म्हणतेस, उम्मी? ऐकू नाही आलं!"